निगेटिव्ह पातळ आहे

(दृश्य: जवळजवळ पूर्ण काळा पोस्टकार्ड साईज फोटो. खालच्या कोपऱ्यात एक पांढरा बूट.)

या फोटोत अख्खं कुटुंब आहे म्हणतात. आपल्याला दिसतोय तो एकाचा बूट, आणि वर डावीकडे दिव्यांचं एक अर्धवट वर्तुळ. काढणाऱ्याला माणसंही हवी होती आणि मागचा पाळणाही. हाती बूट लागला.

एस्सेलवर्ल्डचे असे फोटो मुंबई-ठाण्यापासून नाशिक-साताऱ्यापर्यंत कित्येक कपाटांत पडून असतील. गोराईला खाडीपलीकडे हे पार्क सुरू झालं १९८९ साली. सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहाचं ते काम, झी टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती. दिल्लीत अप्पू घर १९८४ मध्येच उघडलं होतं, पण आपल्याकडे पाळणा म्हणजे जत्रेतला, फार तर चौपाटीवरचा. इथे मात्र बोरिवलीहून किंवा मालाडजवळच्या मार्व्याहून लाँचने खाडी ओलांडायची. 'घर नहीं जाऊंगा मैं' म्हणणारी टीव्हीवरची ती जाहिरात पाहून पोरं घरी न परतण्याची तालीम करूनच यायची.

जाहिरातीतलं पार्क लख्ख होतं. अल्बममधलं कुठे काळंकुट्ट, कुठे पांढरंफटक, कुठे हिरवट. दोष ठरलेला: काकांना फोटो काढता येत नाही. काकांवर हा अन्याय आहे. निदान निम्मा तरी.

(दृश्य: टेबलावर हॉट शॉट आणि कोडॅक केबी टेन.)

हे त्या काळचे घरातले कॅमेरे. असल्या साध्या कॅमेऱ्यात फोकस करायची सोय नसते. शटरचा वेग ठरलेला, साधारण सेकंदाचा शंभरावा भाग. भिंगामागचं छिद्रही बहुधा एकाच मापाचं. म्हणजे भर उन्हात आणि पत्र्याच्या शेडखाली कॅमेरा सारखाच वागणार.

त्यामागे कारखान्याचा एक हिशोब असतो. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड बऱ्यापैकी पचवते. कमी पडलेला अजिबात नाही. म्हणून हे कॅमेरे ढगाळ दिवसाला बेतलेले असतात. १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्याचं माप) रोलला कडक उन्हात जेवढा उजेड पुरतो, त्याच्या तिप्पट-चौपट ते आत सोडतात आणि फिल्म ते निभावून नेते. ऊन चालतं, ढग चालतात. बर्फावर स्केटिंग करायच्या हॉलमध्ये किंवा बोलिंगच्या जागी उजेड उन्हाच्या शेकडो पटींनी कमी असतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, बाहुल्या मोठ्या होतात, मेंदूही सांभाळून घेतो. कॅमेरा मात्र तिथेही तेवढाच उजेड मागत असतो.

फ्लॅश आहे की, असं म्हणाल. छोट्या फ्लॅशचा पल्ला तीन-साडेतीन मीटर. आणि काका तर सगळे मावावेत म्हणून मागे मागे सरकत गेलेले.

(दृश्य: पाळण्याचा हललेला फोटो. माणसांच्या जागी रंगांच्या रेघा.)

हा हललाय, पण हात हललेला नाही. खांब बघा, स्वच्छ आलाय. ताशी ३६ किलोमीटरने समोरून आडवी जाणारी गाडी सेकंदाच्या शंभराव्या भागात १० सेंटीमीटर सरकते. म्हणजे आत्याचा चेहरा जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका पुढे गेला. ती आत्याच आहे हे घरात सगळे शपथेवर सांगतात, पिवळ्या ओढणीवरून.

(दृश्य: निगेटिव्हची लांब पट्टी, मागून उजेड.)

पट्टी आता सावकाश बघू. पहिली चौकट अर्धी जळलेली, रोल भरताना उजेड लागला तो. पुढे गणपती आणि मोदकांचं ताट. मग कुणाचा तरी वाढदिवस. त्यानंतर एकदम लाँच, खाडी, पार्कचं फाटक. रोल एकच, ३६ चा, सदतिसावा निघाला तर लॉटरी. महिनोन् महिने तो कॅमेऱ्यातच राहायचा. म्हणून पार्कचे फोटो मोजून-मापून काढलेले: सकाळी उत्साहात भराभर, दुपारनंतर एकेक. काळोख पडल्यावर मात्र उरलेला रोल संपवायचा म्हणून धडाधड खटके. सगळ्यात वाईट फोटो शेवटी का असतात, त्याचं उत्तर इथे आहे.

लाँचवरचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवू. सकाळचा: सगळे ओळखू येतात, डोळे किलकिले. संध्याकाळचा: नुसत्या काळ्या आकृत्या, मागे पांढरं आभाळ. बोरिवलीकडून गोराईला जाताना तोंड पश्चिमेला, सकाळचं ऊन फोटोग्राफरच्या पाठीशी. परतताना कुणीतरी म्हणतं, पार्क मागे येऊ दे. झालं, कॅमेरा थेट मावळतीकडे. हातावरची घड्याळं दिसत नसली तरी वेळ कळते.

आता कलर लॅब. काकांच्या वाट्याचा उरलेला निम्मा दोष इथला. प्रिंटचं मशीन गृहीत धरतं की कुठल्याही फोटोतला सगळा उजेड-अंधार एकत्र केला तर मध्यम राखाडी येतो. आभाळच आभाळ असलं की ते अख्खा फोटो गडद करून सरासरी जुळवतं. त्यात चेहरे बुडतात. रात्रीच्या फोटोत उलटं: काळोखाला राखाडी करायला जातं आणि फ्लॅश पडलेले जवळचे चेहरे पांढरेफटक होतात. ट्यूबलाइटखालचे चेहरे हिरवे, तेही दुरुस्त करायचं राहून गेलेलं. ऑपरेटरपाशी फिकं-गडद करायची, रंग सुधारायची बटणं असायची. पण मे महिन्यात, दिवाळीत, रोलांचा ढीग लागलेला असताना एकेका चौकटीकडे कोण बघणार? काउंटरवर उत्तर तयार: "निगेटिव्ह पातळ आहे."

बऱ्याचदा ते खरंही असायचं. पातळ निगेटिव्ह म्हणजे तिच्यावर उजेडच पडलेला नाही. बुटाच्या फोटोची निगेटिव्ह आम्ही स्कॅन केली. बुटापलीकडे नुसता रवाळपणा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण संध्याकाळच्या लाँचची निगेटिव्ह पातळ नव्हती.

(दृश्य: काळी प्रिंट. त्याच जागी हळूहळू स्कॅन उमटतो.)

चेहरे आहेत. सगळ्यांचे. दमलेले, नाकं भाजलेली. आजोबा इस्त्रीच्या पँटमध्ये, बुशशर्ट खोचलेला, पाळण्यांच्या गावाला जाऊन आलेत की तहसील कचेरीत कळू नये. मागच्या बाकावर एक अनोळखी बाई चपला मांडीवर घेऊन बसलीय. बायकांचे केस ओले, पिशवीतून टॉवेलचं टोक बाहेर. प्रिंटमध्ये यातलं काहीच नव्हतं, आणि बघणाऱ्यांनी वर्षानुवर्षं प्रिंटच पाहिली.

ओल्या केसांवरून सालाचा अंदाज बांधायचा मोह होतो. शेजारचं पाण्याच्या खेळांचं वॉटर किंगडम १९९८ चं, म्हणून हा फोटो त्यानंतरचा असावा. 'असावा' एवढंच, पाणी पार्कातही अंगावर उडायचं. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर तर मुळीच विसंबू नका. यातल्या एका फोटोवर १९८७ छापलंय. तेव्हा पार्कच नव्हतं. सेल बदलला आणि तारीख लावायची राहिली. त्यापेक्षा क्षितिज बघा. सोनेरी घुमट दिसला तर तो विपश्यना पॅगोडा, ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बांधकाम आधीपासून चालू होतं, म्हणून अर्धवट घुमट दिसला तर फोटो त्याआधीच्या काही वर्षांतला.

अलीकडे मोबाईलमधली ॲप असे फोटो 'सुधारून' देतात. काळ्या चेहऱ्यांच्या जागी नवे चेहरे येतात, गुळगुळीत, दात पांढरे, आणि आत्याला भलत्याच कुणाचं तरी नाक. त्यापेक्षा रेघांची आत्या बरी. निदान ती तिथे होती.

एस्सेलवर्ल्डचे पाळणे आता बंद आहेत. रांगेत उभं राहून लोक काय खात होते, कुठल्या कपड्यांत येत होते, कंटाळल्यावर कुठे टेकत होते, हे जाहिरातीच्या फोटोंत मिळणार नाही. काकांच्या फोटोंत मिळेल, चुकून आलेलं, कडेला.

तेव्हा अल्बम टाकायला काढला असेल तर आधी लॅबचं पाकीट शोधा. बहुधा शेवटच्या पानामागे खुपसलेलं असतं. पट्टी कडेने धरा, पावसाळ्यातली बुरशी दिसली तर बोटाने पुसू नका. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, पट्टी त्याच्यापुढे दोन बोटं अंतरावर धरा आणि मोबाईलने फोटो घ्या. मग मोबाईलमध्येच रंग उलटे करा. निळसर येईल, येऊ दे. आधी माणसं किती आहेत ते मोजा.