बोली लावण्याआधी

(कोल्हापूरच्या उद्यमनगरात लघुउद्योजकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जुन्या मशिनरीचा विषय निघाला की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: "कितीला पडली?" शिरोलीत विचारा नाहीतर गोकुळ शिरगावात, हाच प्रश्न. माझं म्हणणं असं, की लिलावात हातोडा ज्या आकड्यावर पडतो तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. हे मी घेणाऱ्याच्या खुर्चीतून बोलत नाही. स्टुटगार्टच्या पट्ट्यातला एक कारखाना दिवाळखोरीत गेला होता. त्याचा लिलाव करणाऱ्यांना भारतातल्या गिऱ्हाइकांशी बोलणारा, मशीन कळणारा माणूस हवा होता, म्हणून मी गेलो. विकणाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की घेणारा कुठं अडकतो ते स्वच्छ दिसतं.

कारखाना इंजिन आणि गिअरबॉक्सचे भाग करणारा. विजेवरच्या गाड्या वाढल्या तसं तिकडं या कामाला ओहोटी लागली. समोर बसलेल्यांपैकी बरेचजण इंजिनाचंच कास्टिंग ओततात, त्यामुळं यावर जास्त बोलत नाही. तुम्ही रोज तोच हिशेब करत असणार.

तिकडं कोर्ट एक प्रशासक नेमतं. ज्यांचं कारखान्याकडं येणं आहे त्यांचे पैसे जास्तीत जास्त वसूल करणं हे त्याचं काम, आणि लिलाववाला त्याच्यासाठी राबतो. म्हणजे लिलाववाला कितीही गोड बोलला तरी तो तुमचा माणूस नव्हे. मीही नव्हतो.

आता लॉट, म्हणजे एकेका बोलीला काढलेले मालाचे गट, कसे पाडतात ते सांगतो, कारण सगळी मेख तिथं आहे. आपण समजतो की मशीन घेतलं म्हणजे सगळं आलं. तसं नसतं. हॉरिझॉन्टल मशीनिंग सेंटर, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरचं मशीन, एका लॉटमध्ये, त्याचे हत्यारं धरणारे टूल होल्डर कपाटासकट दुसऱ्या लॉटमध्ये, भाग पकडून ठेवणारी फिक्स्चर तिसऱ्यात. कूलंटचा फिल्टर किंवा धातूचा कीस बाहेर नेणारा चिप कन्व्हेयर सुटा असेल तर त्यालाही वेगळा नंबर. यात लबाडी नाही. कपाटभर होल्डर घ्यायला वेगळं गिऱ्हाईक असतं आणि ते जास्त पैसे देतं, एवढंच. पण इकडून फोटो बघून बोली लावणाऱ्याला वाटतं, फोटोत दिसतंय म्हणजे आपलंच. फोनवर मी सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं असेल तर हेच: "फोटो बघू नका, साहेब, लॉटचं वर्णन वाचा."

आपल्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो तेव्हा व्यापारी रंग बघतो, कणी बघतो, खडा जिभेवर ठेवतो, मग बोलतो. तिकडं लिलावात विक्री 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर असते आणि बघायला एखादाच दिवस मिळतो. तो दिवस चुकवू नका. जाणं जमत नसेल तर पैसे देऊन कुणाला तरी पाठवा. स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, फिरवून आवाज ऐकायचा, अक्ष पुढं-मागं करून बघायचे, मशीन किती तास चालल्याची नोंद कंट्रोलवर, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरवर, आहे ते पाहायचं. मग मागं जाऊन इलेक्ट्रिकल कॅबिनेट उघडायचं. एका मशीनच्या कॅबिनेटच्या दाराला आतून वायरिंगच्या नकाशांची फाईल अडकवलेली होती. पानापानावर पेन्सिलीनं केलेल्या दुरुस्त्या, आणि बॅटरी शेवटची कधी बदलली त्याची तारीख चिकटपट्टीवर. असं कॅबिनेट दिसलं की समजायचं, मेंटेनन्सवाला मनापासून काम करणारा होता. शेजारच्याच, त्याच वर्षाच्या मशीनमध्ये फाईल नव्हती आणि तळाशी तेलाचा थर होता. कॅटलॉगात दोन्हींचं वर्णन शब्दाला शब्द सारखं.

पाहणीच्या दिवशी कारखान्यातलाच एक जुना ऑपरेटर आला होता. त्याला घ्यायचं काही नव्हतं, आपलं मशीन कुणाकडं जातंय ते बघायला आला असावा. त्यानं सांगितलं, या मशीनच्या वाय अक्षाची वंगणाची नळी सारखी चोंदते. मी ते वर्णनात घालायला लावलं. आमच्यातल्या एकाला पटलं नाही, भाव पडेल म्हणाला. पण नंतर गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं तेव्हा फोन मलाच उचलायचा होता. शिवाय नळी बदलायला असा किती खर्च येतो? ज्याला मशीन कळतं तो त्यासाठी बोली सोडत नाही.

बोली ऑनलाइन होती. लॉट एकामागून एक बंद होतात, आणि शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते. त्यामुळं आपल्याकडचा शेवटच्या सेकंदाला बटण दाबायचा डाव तिथं चालत नाही. त्यानं फक्त छाती धडधडते. कमाल आकडा आदल्या रात्री कागदावर लिहायचा आणि कागद बायकोच्या हातात द्यायचा.

तो आकडा काढायचा कसा? समजा हातोडा ४०,००० युरोवर पडला. त्यावर लिलाववाल्याचं कमिशन, धरा १८ टक्के, म्हणजे ४७,२००. त्यावर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट ८,९६८. एकूण ५६,१६८ युरो आधी मोजायचे. माल देशाबाहेर गेल्याचे कागद दाखवले की व्हॅट परत मिळतो, पण तोवर तेवढं भांडवल अडकून पडतं. मग मशीन सोडवणं, क्रेन, कंटेनर, विमा, इकडं चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट, कस्टम ड्युटी, न्हावा-शेवा ते शिरोली ट्रेलर. आयातीवरच्या आयजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळतं, बाकीचं खिशातूनच जातं.

माल उचलायची मुदत ठरलेली असते, कारण शेड रिकामी करून घरमालकाला द्यायची असते. मुदत चुकली की जागेचं भाडं चढतं. आणि उंची मोजा हो! साध्या कंटेनरच्या दाराची उंची साधारण २.२८ मीटर, हाय क्यूब म्हणजे जास्त उंच कंटेनरची २.५८. त्यापेक्षा उंच मशीन म्हणजे एकतर माथा उतरवायचा, नाहीतर फ्लॅट रॅक, म्हणजे छत आणि बाजू नसलेला कंटेनर, घ्यायचा, आणि त्याचं भाडं ऐकून माणूस खाली बसतो. मशीनखालच्या लाकडी ठोकळ्यांवर, कीड मारायला उष्णता दिल्याचा शिक्का हवा. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिक्का नसेल तर माल बंदरात अडकतो, आणि तिथलं भाडं दिवसावर असतं. एक सोय मात्र आहे. त्यांची वीज ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे जवळपास आपल्यासारखीच. अमेरिकेतून आणलं तर ६० हर्ट्झचा घोळ निस्तरावा लागतो.

पाच अक्षांच्या मशीनचा मोह सगळ्यांना होतो. पण अचूक पाच अक्षी मशीन लष्करी कामालाही चालतं, म्हणून त्याच्या निर्यातीला परवाना लागू शकतो, आणि तो मिळेपर्यंत मशीन हलत नाही. काही जपानी मशीनमध्ये तर जागा बदलल्याचं ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं. हलवलं की कंट्रोल बंद होतो, आणि उत्पादकाचा माणूस येऊन उघडेपर्यंत ते नुसतं लोखंड. म्हणून असल्या लॉटवर बोली लावण्याआधी लिलाववाल्याला लेखी विचारा: परवाना कुणी काढायचा, आणि मिळाला नाही तर पैसे परत देणार का? तोंडी उत्तर आलं तर तो लॉट सोडून द्या. आता तुमचे प्रश्न घेऊया, कस्टमचे आधी.