पट्ट्यावरची गोटी

(दृश्य: निळा कापडी पट्टा. त्यात ओवलेल्या धातूच्या चौकोनी कड्या. कॅमेरा एकेका कडीवरून सरकतो.)

आपल्याकडे पोराच्या खिशात गोट्या खुळखुळल्या की घरी कान पिळला जायचा. अमेरिकेतल्या कब स्काउटला, म्हणजे स्काउट चळवळीतल्या लहानग्याला, मात्र त्याच गोट्यांसाठी बक्षीस मिळायचं. ही बघा ती कडी. तिला म्हणायचे बेल्ट लूप.

पहिली ते पाचवीची ही मुलं. १९८० च्या दशकात त्यांच्यासाठी खेळांचे बेल्ट लूप सुरू झाले, अभ्यासाचे विषय मागाहून आले. मग गणित, खगोल, हवामान, भूगोल आणि पोहणं, बॅडमिंटन, गोट्या असे सगळे एकाच पट्ट्यावर येऊन बसले. गणिताची कडी गोट्यांच्या कडीपेक्षा मोठी नव्हती. मला ही योजना आवडते ती एवढ्याचसाठी.

(दृश्य: जमिनीवर आखलेलं रिंगण.)

गोट्यांच्या कडीसाठी अटी तीनच. खेळाचे नियम सांगायचे, निदान अर्धा तास सराव करायचा, मग खेळायचं. तिथला नावाजलेला खेळ रिंगर. दहा फुटांचं रिंगण, मधोमध अधिक चिन्हासारख्या मांडलेल्या १३ गोट्या. सात गोट्या आधी बाहेर उडवल्या की डाव जिंकला. आपण मधलं बोट मागे ताणून गोटी मारतो. तिथे बोटाचं पेर जमिनीला टेकवून अंगठ्याने मारतात. नेम चुकल्यावरचा चरफडाट मात्र दोन्हीकडे सारखाच!

बुद्धिबळातही तेच. मोहरी ओळखून पट मांडा, चाली करून दाखवा, एक डाव खेळा. जिंकलंच पाहिजे असं नाही. कब स्काउटचं ब्रीद म्हणजे जमेल तितकं उत्तम करा. ते इथे अक्षरशः पाळलेलं दिसतं. एखाद्याला गोडी लागलीच, तर पुढे पिन, म्हणजे छोटा बिल्ला होता, आणि त्याच्यासाठी बराच जास्त घाम गाळावा लागे.

सगळंच इतकं सैल नव्हतं. धनुर्विद्या आणि छर्‍यांची बंदूक घरच्या अंगणात चालत नसे. त्या कड्या कौन्सिलच्या, म्हणजे स्काउटांच्या स्थानिक संस्थेच्या, शिबिरातच मिळत.

(दृश्य: कड्यांनी गच्च भरलेला पट्टा.)

पण तीनच अटी म्हटल्यावर एका दुपारीत एखादी कडी सहज पदरात पडायची. पट्टा भराभर भरत जाई. वुल्फ, बेअर या इयत्तेप्रमाणे ठरलेल्या पायर्‍या चढायचा अभ्यास वेगळा आणि हे कडी-पुराण वेगळं, असे दोन संसार एकाच वेळी चालत. ३१ मे २०१५ ला ही योजना बंद झाली. दुसर्‍या दिवसापासून पायर्‍यांच्या अभ्यासातच ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचे उपक्रम आले. लहान गटांच्या पट्ट्यावर कडी राहिली, पण आता ती पायरीच्या हिशेबात धरली जाऊ लागली.

(दृश्य: पुन्हा रिंगण. एक छोटा हात नेम धरतो.)

त्या नव्या यादीत बेअर गटासाठी एक ऐच्छिक उपक्रम होता. नाव, ‘मार्बल मॅडनेस’. म्हणजे पुन्हा गोट्याच.

(गोटीवर गोटी आपटल्याचा आवाज.)