'किंवा' या शब्दाबद्दल माझी तक्रार

मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'नैराश्य : औषधं किंवा समुपदेशन?' मी कळवला होता 'औषधं आणि समुपदेशन'. छापणाऱ्याला दोष देत नाही. माझ्यासमोर येऊन बसणारेही हेच करतात. अर्धे म्हणतात, "डॉक्टर, गोळ्या नकोत, सवय लागते." उरलेले म्हणतात, "बोलून काय होणार? गोळी द्या आणि मोकळं करा." या दोन गटांची एकमेकांशी सोयरीक जुळवावी असं फार वाटतं. (हशा)

आता एक गोष्ट. माझ्या विद्यार्थ्यांना ती पाठ आहे, त्यांनी थोडा वेळ झोपायला हरकत नाही. फार वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ आले. तपशील अर्थातच बदललेत. पहाटे तीनला जाग, जेवणावरची वासना उडालेली, आंघोळ म्हणजे डोंगर. मी गोळी लिहून दिली, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील असं बजावलं आणि महिन्याने बोलावलं. महिन्याने आले ते दाढी वगैरे करून. झोप लागतेय, जेवताहेत. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या गोळीने फार उपकार झाले. आता रात्रभर छान झोपतो, सकाळी ताजातवाना उठतो आणि दिवसभर उत्साहाने विचार करतो, की मी निकामी माणूस आहे." (हशा)

हसा, मीही हसलो होतो. ते हसले नव्हते.

मग त्यांना माझ्या एका सहकारी मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. बाईंनी वहीत तीन रकाने आखून दिले : काय घडलं, मनात काय आलं, आणि दुसरं काय असू शकेल. त्यांची परवानगी घेऊन ती वही मी पाहिलीय. पहिली नोंद : 'मुलीचा फोन आला नाही.' दुसऱ्या रकान्यात : 'तिला मी नकोसा झालोय.' तिसरा रकाना आठवडाभर कोरा. मग बारीक अक्षरात : 'माझा मोबाइल बंद होता.'

हीच वही महिन्याभरापूर्वी दिली असती तर? त्यांच्याने पेन उचलवलं नसतं. एवढंच मला सांगायचंय खरं तर.

जाता जाता एक गंमत. आंतरवैयक्तिक उपचारपद्धती, जिच्यात नात्यांवर बोललं जातं, ती जन्मली औषधाच्याच चाचणीत. १९६९ मध्ये जेराल्ड क्लेरमन, मिर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांना अमिट्रिप्टिलीन या गोळीने नैराश्य उलटण्यापासून रोखता येतं का, हे बघायचं होतं. चाचणीत बोलणंही घ्यायचं ठरलं, मग सगळ्यांनी सारखंच बोलावं म्हणून... बरं, चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. मूळ विषय अजून सुरूच व्हायचाय! (हशा)

तर भराभर. २००० साली दीर्घकाळच्या नैराश्यावरची एक मोठी अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली, ६८१ रुग्णांची. बारा आठवड्यांनी नुसत्या औषधाने ४८ टक्क्यांना फरक पडला, नुसत्या संवादोपचाराने ४८, दोन्हींनी ७३. दर वेळी एवढी तफावत दिसत नाही. शिवाय त्यातलं औषध, नेफाझोडोन, यकृताला धोका असल्याने पुढे मागे पडलं. पण दिशा तीच राहिली.

म्हणून सगळ्यांना दोन्ही द्या असं मी म्हणत नाही. सौम्य नैराश्यात बरेचदा बोलण्याने भागतं. तीव्र असेल, वारंवार उलटत असेल, वर्षानुवर्षं रेंगाळलं असेल, तर दोन्ही. बरं वाटू लागलं की लोक गोळी सोडतात. नका सोडू. त्यानंतरही निदान सहा महिने ती चालू ठेवावी लागते, आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत. एकदम सोडली की चक्कर, बेचैनी, झोपेचं खोबरं. आणि लोक त्यालाच व्यसन म्हणतात. तसं ते नाही. आणि जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

शेवटची चिठ्ठी : 'समुपदेशन घेतेय हे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगू का? रागावतील.' सांगा. समुपदेशकांनाही गोळ्यांची नावं सांगा. आणि डॉक्टर रागावलेच, तर वहीच्या पहिल्या रकान्यात लिहा.