शेजारच्याला विचारा

(इंदूरमधल्या एका वासंतिक व्याख्यानमालेतलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)

आजचा विषय कळल्यावर आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक नाट्यसंगीत ऐकायला येतात. तू त्यांना तुरुंगात कुठे नेतेस?" काकू आत्ता तिसऱ्या रांगेत बसल्यात, तेव्हा अगदीच काही बिघडलेलं नाही.

मी वकील. कामाचा बराचसा भाग विधी साहाय्याचा, म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याचं वकीलपत्र घ्यायचं. त्याशिवाय तीन वर्षं मी एका कारागृहाची अशासकीय संदर्शक होते. कुठल्या ते सांगत नाही, इंदूरचं नव्हे एवढंच सांगते. संदर्शक ही जुनी व्यवस्था आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याखालच्या नियमांतून ती आली. जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर हे सरकारी संदर्शक, आणि आमच्यासारखे काही नागरिक बिनसरकारी. आत जायचं, कोणत्याही बंद्याशी बोलायचं, डाळ चाखायची, रजिस्टरं बघायची आणि शेवटी संदर्शक वहीत अभिप्राय लिहायचा. हुकूम देता येत नाही. अधिकार म्हणाल तर तो त्या वहीपुरता.

पहिल्या भेटीची तारीख आधी कळवलेली होती. बराकीच्या भिंतीला टेकले तर पदराला ओला चुना लागला. डाळ इतकी दाट की चमचा उभा राहावा. परेडला सगळे ओळीत उभे. अधीक्षकांनी विचारलं, "किसी को कोई शिकायत?" ओळ गप्प. "देखिए मॅडम, सब बढ़िया है." मी वहीत लिहिलं, भोजन उत्तम, सफाई संतोषजनक. मग चहा येईपर्यंत मागची पानं चाळली. तेच शब्द, पानामागून पान. एका साहेबांनी 'संतोशजनक' लिहिलं होतं, शहामृगाचा श. पुढच्या चार जणांनीही तस्साच श काढलेला. मागचं बघून उतरवलेलं. माझा ष बरोबर होता, फरक काय तो तेवढाच.

दुसऱ्या वेळी न कळवता गेले. गेटवर अर्धा तास उभी राहिले, मग आत सोडलं. परेड नव्हती, म्हणून बराकीत जाऊन बसले. एक म्हातारा दिसला, साठीच्या पुढचा. गिनतीची, म्हणजे बंदी मोजायची, हाक झाली की तो शेजारच्या पोराकडे बघायचा आणि पोरगं त्याच्या कोपराला कोपर लावायचं. तेवढ्यावर तो उठायचा, बसायचा, ताट घेऊन निघायचा. मी त्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "दीदी, बाबा सुनते नहीं." म्हणजे माझ्या पहिल्या भेटीतही तो त्या ओळीत उभा होता. 'कोई शिकायत?' हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता आणि माझ्या नोंदीत तो समाधानी म्हणून जमा झाला होता.

पोराने पुढे आणखी सांगितलं. बाबाला जामीन मिळून चार महिने झालेत, पण जामीनदार नाही. बाबाच्या वाटची पोळी रोज एक जण काढून घेतो. हिवाळ्यात बाबाचं कांबळंही गेलं. हे सगळं बाबाच्या तोंडून एका जन्मात बाहेर आलं नसतं.

मला आज सांगायचंय ते एवढंच आहे. आत जो सगळ्यात दुबळा असतो, बहिरा, वेडसर, फार म्हातारा, भाषा न येणारा, नवखं पोर, तो तक्रार करत नाही. त्याची तक्रार त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असते. सुनील बत्रा हे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. पण १९८० च्या त्या खटल्यात छळ बत्राचा झालेलाच नव्हता. तिहारमध्ये वॉर्डरने, म्हणजे तुरुंगातल्या पहारेकऱ्याने, छळलं होतं प्रेमचंद नावाच्या दुसऱ्या कैद्याला, पैशासाठी. बत्रा स्वतः फाशीचा कैदी. त्याने न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं. शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी लिहिलेलं पत्र!

त्याच निकालात तक्रारपेट्यांचा आदेश आहे. पेटी जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखाली असावी, त्यांनी ती वरचेवर उघडावी, प्रत्येक बंद्याला तिच्यापर्यंत जाता यावं. मी बघितलेली पेटी ऑफिसच्या दाराशी टांगलेली होती, वर कॅमेरा. किल्ली कुणाकडे म्हणून विचारलं, तर जेलरसाहेबांनी स्वतःच्या खिशातून काढून दाखवली, तीही मोठ्या कौतुकाने. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आत चिठ्ठी एक नव्हती, कोळ्याचं जाळं होतं. जेलर वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. दोनशेच्या जागेत साडेतीनशे माणसं कोंबली आणि रात्रपाळीला चार शिपाई दिले, तर कोणीही आधी शांतता बघणार. २०२२ अखेरचे देशभराचे आकडे बघा. तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६, आत माणसं ५,७३,२२०. त्यांतले शेकडा ७५ च्या वर कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाय. ही गर्दी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली ती आपल्या मध्य प्रदेशातल्या गुना शहराच्याच माणसाने. माजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांनी २०१३ मध्ये पत्र लिहिलं. त्यात गर्दी होती, अनैसर्गिक मृत्यू होते, अपुरा आणि अप्रशिक्षित कर्मचारीवर्ग होता. देशातल्या १,३८२ तुरुंगांचा तो खटला झाला.

बायकांच्या बराकीबद्दल थोडं सविस्तर बोलते. शीला बर्से या पत्रकार १९८२ मध्ये मुंबईच्या सेंट्रल जेलमधल्या पंधरा बायकांशी बोलल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. शहानिशा करायला कोर्टाने कोणी अधिकारी पाठवला नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना पाठवलं आणि सांगितलं, बोलताना तिसरं कुणी हजर नको. या एका अटीवर सगळं निरीक्षण उभं आहे. मेट्रन, म्हणजे बायकांच्या बराकीवरची पहारेकरीण, शेजारी उभी असली की बाई सांगते ती पाण्याची अडचण. मेट्रन दाराबाहेर गेली की मग पाळीच्या कापडाचं निघतं, घरचं भेटीला कोणीच येत नाही हे निघतं, आणि रात्री पलीकडची का रडते तेही निघतं.

तिथे एक साडेचार वर्षांची मुलगी होती. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ ठेवता येतं. २००६ च्या निकालाने त्यांच्या खाण्याचे, औषधांचे, शिक्षणाचे नियमही घालून दिलेत. ही मुलगी चपला घेऊन बसली होती. चपलांच्या जोड्या लावायची, प्रत्येक जोडीवर बोट ठेवून "दो, दो, दो" म्हणायची आणि शेवटी ओरडायची, "गिनती सही!" बंदी जोडीजोडीने बसवून मोजतात ना, तो तिचा खेळ. एक चप्पल हरवलेली होती म्हणून तिने सगळ्यांना पुन्हा बसवलं.

मनोरुग्णांचं काय? आसामच्या माचांग लालुंगला १९५१ मध्ये पकडलं, मनोरुग्णालयात टाकलं आणि २००५ मध्ये सोडलं. चोपन्न वर्षं, खटला न चालता. त्याच्यासाठी पत्र लिहिणारं आत कुणी नव्हतं.

आणि जात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामं आणि वेगळ्या बराकी घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालात आपल्या मध्य प्रदेशच्या १९८७ च्या जेल मॅन्युअलमधला उतारा आहे. संडासांच्या परेडला 'मेहतर' हजर राहतील, असं त्यात लिहिलेलं. १९८७ साली, बरं का! एका पारधी बाईने मला सांगितलं होतं, "हमारी तो पैदाइश ही रजिस्टर में है." निकालाने रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितलाय. पुढच्या संदर्शकाने भिंतीचा चुना बघण्याआधी तो रकाना बघावा.

शेजाऱ्याला विचारा म्हणणं सोपं आहे, पण सांगणाऱ्याचं पुढे काय होतं हेही बघावं लागतं. त्या पोराची बराक पंधरवड्यात बदलली. कारण लिहिलं होतं 'प्रशासनिक'. तेव्हापासून मी बोललेल्या माणसाचं नाव वहीत लिहिलं नाही. एकाच फेरीत दहा-बारा जणांशी बोलायचे, म्हणजे कोण बोललं ते कळत नसे. आणि महिन्याभरात परत जाऊन त्या दहा-बारा जणांना आधी भेटायचे. नियमात असं काही नाही, ठेच लागल्यावर शिकले.

म्हाताऱ्याचं सांगायचं राहिलं. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, असा २०२३ चा आदेश आहे. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी केंद्राची योजनाही त्याच वर्षाची, सुरुवातीला चाळीस हजारांपर्यंत. आमचं प्रकरण त्याच्या आधीचं. मी अर्ज केला, कोर्टाने जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्याच हमीवर, सोडलं. सुटकेच्या दिवशी संध्याकाळी गेटच्या आत पाच जण बाकावर बसले होते. शिपायाने नाव पुकारलं, बापाचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं. म्हातारा समोरच्या दाराकडे बघत बसलेला. शिपाई वैतागून पुढचं नाव घ्यायला लागला. कोपर लावणारं पोरगं दुसऱ्या बराकीत होतं. मी उठून बाबाच्या कोपराला हात लावला, तसा तो उठला आणि सवयीने गिनतीच्या जागी जाऊन बसला.