घड्याळात २१२, मनगटात १०८

(दृश्य: तळजाई टेकडी, पहाट. कपाळावरच्या टॉर्चचा उजेड, बुटांखाली करकरणारी खडी.)

डिसेंबर. पहाटेचे पावणेसहा. पुण्याच्या तळजाईवर अशी थंडी, की बोललं तरी तोंडातून वाफ निघतेय. आम्ही दोघं मित्र धावतोय. धावतोय म्हणजे काय, गप्पा मारत पाय उचलतोय. विषय गंभीर आहे: कालच्या मिसळीत तर्री जास्त होती की तेल. आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ सांगतंय, की माझं हृदय मिनिटाला २१२ ठोके देतंय.

मित्राने वाकून पाहिलं. म्हणाला, "या आकड्याला माणूस मिसळीवर बोलत नाही रे. बोलतच नाही."

माझं वय ४६. '२२० वजा वय' हे धावणाऱ्यांचं पाढ्यासारखं पाठ गणित. त्याने माझी कमाल येते १७४. गणित ढोबळच आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात. पण तेवढी सूट देऊनही २१२ कुठे बसत नाही. मी थांबलो. दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या मुळापाशी टेकवली आणि पंधरा सेकंद मोजलं. सत्तावीस. गुणिले चार, १०८.

म्हणजे हृदय जागेवर होतं. मग छातीला बांधलेला, घड्याळाला आकडे पाठवणारा हा पट्टा कुणाचे ठोके मोजत होता?

(दृश्य: टेबलावर उलटा ठेवलेला पट्टा. कॅमेरा अगदी जवळ.)

पट्टा छातीवर असतो, तेव्हा तो ठोक्याचा धक्का टिपत असणार, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तो टिपतो वीज. हृदयाचा स्नायू आवळण्याआधी त्याच्यातून विजेची लहर जाते आणि तिचा अगदी क्षीण अंश कातडीपर्यंत पोचतो. किती? साधारण एक मिलिव्होल्ट. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो. त्याचा दीड हजारावा भाग.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला हे दोन काळे, रबरासारखे तुकडे दिसतात ना, ते इलेक्ट्रोड. विजेतला फरक ते टिपतात, आणि पुढे टिचबटणांनी अडकवलेली ही डबी, जिला सगळे पॉड म्हणतात, त्यातले सुळके मोजते. ईसीजीच्या कागदावर जी उंच टोकदार रेघ येते, तोच हा सुळका. दोन सुळक्यांत किती वेळ गेला, त्यावरून मिनिटाचा हिशेब. हृदयाबद्दल डबीला याहून जास्त काही कळत नाही. सुळक्यासारखं दुसरं काही आलं, तर तेही ती इमानेइतबारे मोजते.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. खुर्चीत बसलेला माणूस, हात-पाय भांड्यांत.)

हे छायाचित्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंथोवेन यांनी हृदयाची वीज कागदावर उतरवणारं यंत्र बांधलं. सुमारे पावणेतीनशे किलोचं धूड, चालवायला पाच माणसं. १९२४ साली त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. मला मात्र त्या यंत्रापेक्षा भांडी बघायला आवडतात. दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. कारण कोरडी कातडी वीज नीट पुढे जाऊ देत नाही आणि खारं पाणी देतं.

पुढे फिनलंडच्या उत्तरेला, औलू शहराजवळच्या केंपेले गावी, सेप्पो सॅयनॅयॅकांगास या प्राध्यापकांनी १९७७ साली पोलर नावाची कंपनी काढली. बर्फावरून स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंचे ठोके सराव चालू असतानाच कळावेत, ही त्यामागची गरज. १९८२ मध्ये त्यांचं बिनतारी यंत्र बाजारात आलं: छातीला पट्टा, मनगटाला घड्याळ. धूड गेलं, पाच माणसं गेली, भांडी गेली. खारं पाणी तेवढं राहिलं. ते आता आपण अंगातूनच पुरवतो, घाम म्हणून.

आणि डिसेंबरात पहाटे पावणेसहाला घाम कुठून आणायचा?

(दृश्य: फोनवरचा आलेख. सुरुवातीला दातेरी डोंगर, मग सपाट चढण.)

त्या दिवशीचा माझा आलेख हा असा. पहिली अकरा मिनिटं सह्याद्रीची रांग: १८०, २०६, २१२, मध्येच ९०. बाराव्या मिनिटाला अचानक १३६, आणि तिथून शेवटपर्यंत शहाण्यासारखी रेघ. बाराव्या मिनिटाला झालं काय? मला घाम फुटला.

हा आकार ओळखायला शिका. सुरुवातीला गोंधळ आणि मग सगळं सुरळीत, तर दोष बहुतेक कोरडेपणाचा. त्यावरचा उपाय इतका साधा, की सांगायला लाज वाटते. नळाखाली धरून दोन्ही काळे तुकडे नीट ओले करायचे, मगच पट्टा बांधायचा. बोटाने दोन थेंब लावले, असं नको. चांगले निथळू द्या. कुणी थुंकी लावतात, तीही चालते. थंडीच्या दिवसांत किंवा पाणी लगेच सुकत असेल, तर मेडिकलच्या दुकानात ईसीजीची जेली मिळते. तिचा पातळ हात फिरवला, की घाम येईपर्यंत निभावतं. आणि अंघोळीनंतर छातीला टाल्कम पावडर किंवा थंडीचं क्रीम थापून त्यावर पट्टा बांधला असेल, तर पट्ट्याला बोल लावू नका.

दुसऱ्या दिवशी मी पट्टा ओला करून गेलो. सुरुवात झकास. ९८, ११२, १२४. आणि टेकडीच्या उतारावर, सुसाट वारं लागलं तिथे, परत १९८.

(दृश्य: अंधारी खोली. कुणीतरी स्वेटर काढतंय. चटचट आवाज, बारीक निळ्या ठिणग्या.)

हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शाळेत असताना थंडीत रात्री दिवे घालवून स्वेटर काढायचा आणि ठिणग्या मोजायच्या, हा आमचा उद्योग. कोरड्या हवेत कापडावर कापड घासलं, की वीज साठते. आता आठवा, स्पर्धेत फुकट मिळालेला तो पॉलिस्टरचा टी-शर्ट. अंगाला सैल, वाऱ्यावर फडफडणारा, आणि बरोबर इलेक्ट्रोडच्या पुढ्यात. त्याच्या चटक्यापुढे हृदयाचा एक मिलिव्होल्ट म्हणजे जत्रेतल्या लाउडस्पीकरपुढे कानगोष्ट.

तिसऱ्या दिवशी आत घट्ट सुती बनियन आणि वरच्या टी-शर्टच्या पुढच्या भागावर ओंजळभर पाणी. तोच उतार, तोच वारा. १३१. मुंबईकर मित्रांना ही गोष्ट सांगितली, की ते हसतात. त्यांच्या दमट हवेत कापडावर वीज टिकतच नाही. त्यांच्या तक्रारी वेगळ्या, त्या पुढे येतील.

आता घट्टपणा. मराठीत नाडीचे दोन अर्थ, आणि इथे दोन्ही लागू. पायजम्याची नाडी सैल ठेवून हाताची नाडी बिनचूक मागायची, हे जमायचं नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, समोर मधोमध. दीर्घ श्वास घेतला तर जाणवावा, पण अडू नये. दोन उड्या मारल्या तर घसरू नये. महिन्याभरात इलॅस्टिक ताणतं, तेव्हा अधूनमधून एक घर आवळावं लागतं. माझी बायकोही पट्टा वापरते. तिचं म्हणणं, स्पोर्ट्स ब्राची खालची पट्टी आणि हा पट्टा एकावर एक आले, की दर पावलाला घासतात आणि आकडा नाचतो. तिने पट्टा बोटभर खाली घेतला आणि प्रश्न मिटला. छातीवर दाट केस असतील, तरी इलेक्ट्रोड नीट टेकत नाहीत. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा.

सगळं करूनही आकडा बरोबर दुप्पट येतोय? म्हणजे बोटांनी मोजले ७५ आणि घड्याळात १५०? काही जणांच्या छातीवर मुख्य सुळक्यामागची लहरही चांगली उंच येते आणि डबी एका ठोक्याचे दोन धरते. अशा वेळी पट्टा वरचा खाली असा उलटा बांधून बघा, किंवा डबी थोडी डाव्या कुशीकडे सरकवा. टोटका वाटतो, पण इलेक्ट्रोडची जागा आणि दिशा बदलली, की लहरीचा आकारही बदलतो.

(दृश्य: मोरीतला मग, कोमट पाणी. पट्टा बुडतो, पाणी गढूळ होतं.)

हे पाणी बघा. तीन महिने न धुतलेल्या पट्ट्याचं आहे. वास कॅमेऱ्यात येत नाही, ते बरंच. घाम वाळला, की मीठ मागे राहतं. पट्ट्यावर या पांढऱ्या रेघा त्याच्याच. त्यात अंगाचं तेल मिसळतं आणि इलेक्ट्रोडवर साय धरते. दमट हवेत टिचबटणांवर हिरवट गंजही चढतो. मुंबईकरांची मुख्य तक्रार ही. म्हणून रोज धावून आल्यावर साध्या पाण्याने खळबळायचं, आठवड्यातून एकदा सौम्य साबण. ब्रशने खरवडायचं नाही, पिळायचं नाही, आणि ब्लीच किंवा फॅब्रिक सॉफ्टनर तर मुळीच नाही.

आणि डबी काढून ठेवायची. हे मला महागात पडून कळलं. दोन इलेक्ट्रोडमधून वीज जाऊ शकते, असं कळलं की डबी जागी होते. कुणीतरी छातीला बांधलंय, असं ती समजते. ओला पट्टा डबीसकट खुंटीला अडकवला, तर ओल सुकेपर्यंत ती बिचारी खुंटीचे ठोके शोधत बसते. वर्षभर चालायचा बटन सेल माझ्याकडे तिसऱ्या महिन्यात संपायचा. मी दुकानदाराशी वाद घालून आलो. त्याने नवा पट्टा विकायचा प्रयत्न केला. दोघंही चुकत होतो.

सेल उतरला, की आकडे तुटक येतात किंवा एकाच जागी अडकतात. आलेखात काट्यांऐवजी सरळ, मेलेली रेघ दिसली, तर त्वचेकडे नंतर बघा, आधी सेल आणि जोडणी. सायकल चालवताना घड्याळ पाठीच्या खिशात ठेवलं, तरी असं होतं. ब्लूटूथची लहर शरीरातल्या पाण्यात शोषली जाते. छातीवरून पाठीपर्यंत पोचताना तिचा जीव जातो. तलावात पोहतानाही तेच. काही पट्टे आकडे स्वतःत साठवून बाहेर आल्यावर देतात, तो एक मार्ग.

(दृश्य: संगीत थांबतं. मनगटावर टेकवलेली दोन बोटं.)

आता एक गोष्ट, जिच्यात पाण्याने आणि साबणाने काही होत नाही. पट्टा ओला आहे, घट्ट आहे, स्वच्छ आहे. तुम्ही सावकाश चाललाय. आकडा एकदम १९० वर जातो, तिथेच टिकतो आणि मग कळ दाबल्यासारखा खाली येतो. त्याच वेळी बोटांनाही नाडी तितकीच पळताना लागते, छातीत धडधडतं किंवा गरगरतं. अशा वेळी पट्टा खरं बोलत असू शकतो. हृदयाची लय मध्येच बदलण्याचे आजार असतात आणि ते धावताना असेच समोर येतात. थांबा, तो आलेख जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. निदान त्यांच्या ईसीजीवरून होईल. छातीत दुखलं, श्वास लागला किंवा शुद्ध हरपली, तर आलेखही राहू द्या, आधी दवाखाना गाठा.

बोटांनी मोजताना अंगठा वापरू नका, त्याला स्वतःची नाडी असते. आणि थांबल्याथांबल्या मोजा. अर्धं मिनिट गेलं, तरी ठोके खाली आलेले असतात.

(दृश्य: तळजाई, पहाट. रस्त्याकडेचा नळ.)

जानेवारी. पावणेसहा. मित्र टी-शर्ट वर करून उभा आहे. गेल्या आठवड्यात त्यानेही पट्टा घेतलाय. मी नळ सोडतो. बर्फासारखं पाणी पट्ट्यावरून निथळतं. तो पट्टा छातीला टेकवतो आणि जी शिवी देतो, ती आम्ही संकलनात कापली आहे.

"किती?" मी विचारतो.

तो दातावर दात आपटत घड्याळाकडे बघतो. "चौऱ्याण्णव. आणि हे खरंय, मला जाणवतंय."