कातळाखालचा कातळ

[घाटमाथा, ड्रोनमधून]
कड्यावरच्या या आडव्या पट्ट्या म्हणजे लाव्हाचे थर. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच काळ्या बेसॉल्टनं झाकलाय. लाव्हा पसरला तेव्हाही खाली जमीन होतीच. ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (पट्टेदार नाइस खडक) यांचा तो पाया 250 कोटी वर्षांहून जुना आहे. तो पाहायचा कसा?

[माळावर तिपाई, त्यावर ग्रॅव्हिमीटर]
हे गुरुत्वाची ओढ मोजणारं यंत्र. या डब्यात स्प्रिंगला टांगलेलं एक वजन आहे. खाली जड खडक असेल तर स्प्रिंग किंचित जास्त ताणते. मोजणी मिलीगॅलमध्ये होते, आणि एक मिलीगॅल म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा सुमारे दहा लाखावा भाग. बेसॉल्टची घनता पाण्याच्या 2.9 पटीच्या आसपास, ग्रॅनाइटची 2.65 ते 2.7. सारी मदार एवढ्याशा फरकावर. यंत्र एक मीटर उंच ठेवलं तरी आकडा 0.3 मिलीगॅलनं उतरतो, म्हणून प्रत्येक बिंदूची उंची काटेकोर मोजायची. शेजारच्या डोंगराचाही हिशेब करायचा. स्प्रिंगही दिवसभरात हळूहळू सरकते, त्यामुळे पथक पुन्हा पुन्हा त्याच तळबिंदूवर परत येतं. यंत्र टेकवा, समतल करा, आकडा लिहा, उचला, चाला. बोअर मशीनचे फोटो छापून येतात. या चालण्याचे क्वचितच येतात.

[दांड्यावरचा मॅग्नेटोमीटर, बाजूला काढून ठेवलेली किल्ली, बेल्ट, मोबाईल]
आता चुंबकत्व. अंगावर लोखंड नको. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसाच्या वेळेनुसारही हलतं, म्हणून दुसरं यंत्र एका जागी ठेवून तो बदल वजा करतात. खरी अडचण बेसॉल्टचीच. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज भरपूर, आणि यातले कितीतरी थर निवले तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. वरचा खडक इतका गोंगाट करतो की खालच्याचा आवाज दबतो. तो वेगळा काढायला एक धागा मात्र हाती असतो: उथळ खडकाच्या खुणा नकाशावर आखूड आणि टोकदार उमटतात, खोलवरच्या रुंद आणि पसरट.

[जुना नकाशा, बोट फिरतंय]
गुरुत्वाच्या नकाशात कोयना आणि कुर्डुवाडी इथे लांबट पट्ट्यांत ओढ कमी दिसली. 1973 साली त्यावरून मांडणी झाली की बेसॉल्टखाली खचदऱ्या, म्हणजे जमीन खचून झालेल्या आणि हलक्या गाळानं भरलेल्या दऱ्या, दडल्या आहेत. पटण्याजोगी होती.

[कोयनेची जुनी छायाचित्रं. 11 डिसेंबर 1967]
पहाटेचा भूकंप, तीव्रता 6.3. जलाशयाशी त्याचा संबंध जोडला गेला. या भागाला त्यानंतरही हादरे बसत राहिले.
[निवेदन थांबतं, छायाचित्रं चालू]

[गाभ्याच्या पेट्या, एकापुढे एक]
मग या भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात बोअर घेतल्या गेल्या. बोअरमधून निघालेला खडकाचा दंडगोल म्हणजे गाभा. पेट्या बघा: काळा, काळा, काळा, आणि एकदम फिकट ग्रॅनाइट. रासाटीला तो सुमारे 930 मीटरवर लागला, गोठण्याला सुमारे 1,250. आकडे वेगळे वाटतात, पण वरची जमीनच उंच-सखल आहे. पायाचा माथा जवळजवळ सपाट निघाला. मधे गाळाचा खडकही नाही. खचदरी असती, तर तिथे भराव सापडायला हवा होता. किल्लारीच्या बोअरमध्ये 338 मीटर बेसॉल्टखाली गाळाचा पातळ थर लागला होता, जेमतेम 8 मीटरचा.

मोजणी खोटी ठरली असं म्हणू नका. ओढ खरोखरच कमी आहे. पण उथळ जागी थोडा हलका खडक असो की खोलवर मोठा बदल, पृष्ठभागावर आकडा सारखाच येऊ शकतो. नुसत्या गुरुत्वावरून त्यातला एक निवडता येत नाही.

[कराड, प्रयोगशाळा, गाभ्याचा तुकडा तराजूवर]
म्हणून इथे कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीत गाभ्याचा अभ्यास चालतो. आता घनता अंदाजानं धरायची गरज नाही, ती तुकड्यावर मोजता येते. ती घेऊन माळावरचे तेच जुने आकडे पुन्हा गणितात घालायचे, आणि दोन बोअरच्या मधली जागा नकाशावर नव्यानं भरायची.