नऊ प्लेटा, एक बोअर

[दृश्य: रात्र. बॅटरीचा उजेड, उसातलं पाणी.]
शेतीला थ्री-फेज लाईट पाळीनं येते. पाळी रात्रीची आली की दारं धरायलाही रात्रीच जायचं. पायाखाली काय आहे, ते बॅटरी दाखवेल तेवढंच. सौरपंप हवा तो यासाठी. वीजबिलाचं नंतर.

[दृश्य: मे महिना, मराठवाडा. प्लेटा वरून.]
हा ५ एचपीचा पंप. ५४० वॉटच्या नऊ प्लेटा, एकीला दुसरी जोडून एकच माळ. एकूण ४,८६० वॉट, म्हणजे लेबलावर. लेबलावरचा आकडा प्लेट २५ अंशांवर असताना मोजलेला असतो. मे महिन्यात दुपारी ही प्लेट ६५ अंशांपर्यंत तापते. दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. वरच्या ४० अंशांत १४ टक्के गेले, हातात राहिले ४,१८० वॉट. प्लेटेला ऊन हवं, उकाडा नको. म्हणून सांगाडा उंच ठेवायचा, खालून वारा खेळू द्यायचा.

[दृश्य: कंट्रोलरचा पडदा, जवळून.]
कंट्रोलर म्हणजे प्लेटांची वीज मोटरला देणारा डबा. ऊन कमी तसा तो मोटरचा वेग कमी ठेवतो, आणि तो वेग हर्ट्‌झमध्ये दाखवतो. आता हा आकडा बघा. सकाळचे आठ, ४० हर्ट्‌झ. मोटर फिरतेय, पण नळीला पाणी नाही. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात, आणि बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. मोटरचा वेग कमी झाला की पाणी उचलायची ताकद वर्गाच्या हिशेबानं कमी होते. ५० हर्ट्‌झला जो पंप ५० मीटर चढवतो, तो ४० हर्ट्‌झला ३२ मीटरच चढवू शकतो. पाणी ३५ मीटरवर असेल तर ते पाइपातच उभं राहतं. तेव्हा पंप निवडताना नुसता एचपी विचारून भागत नाही. उन्हाळ्यात पाणी किती खोल जातं, ते आधी दोरी सोडून मोजायचं.

[दृश्य: वितळलेला कनेक्टर.]
हे काळं पडलेलं टोक पकडीनं दाबलेलं होतं. त्यासाठीचं वेगळं हत्यार असतं. ते वापरलं नाही तर तार आत सैल राहते, सांधा तापतो, ठिणगी पडते. घरच्या विजेची ठिणगी विझते, कारण तो प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. प्लेटांचा हा प्रवाह डीसी, सरळ वाहणारा, त्याची ठिणगी तशी विझत नाही. उन्हात माळेचा दाब ४०० व्होल्टच्या आसपास. आधी कंट्रोलरचा खटका पाडा, मगच कनेक्टरला हात लावा. तो चालू भारावर ओढायचा नाही, म्हणजे नाहीच.

[दृश्य: प्लेट धुताना.]
पारव्यांची विष्ठा दिसायला एवढीशी. पण प्लेटेतल्या झाकलेल्या घरातून, म्हणजे सेलमधून, बाकीची घरं वीज ढकलतात, ते घर तापतं, आणि वाचवण्यासाठी बसवलेला डायोड प्लेटेचा तिसरा हिस्साच बाजूला काढतो. खालच्या कडेला साचलेली धूळही तेच करते. धुवायचं ते उजाडता उजाडता. भर दुपारी गार पाणी मारलं तर तापलेली काच तडकू शकते. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर वाळायच्या आत फडक्यानं पुसून घ्यायचं. पांढरा थर एकदा धरला की सहजी निघत नाही.

[दृश्य: आडवा पडलेला सांगाडा.]
वळवाच्या वाऱ्यानं हे झालं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यातच संपवलेला पाया सैल होणारच. खड्डा मुरमापर्यंत न्या.

२०२४ पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे. हमीचा कागद जपून ठेवा.

पावसाळ्यात ढगांमुळे प्लेटांची वीज घटते, पण तेव्हा पाणीही कमी लागतं. पावसानं ओढ दिली की ऊन असतंच. पाण्याची पातळी हा मात्र खरा प्रश्न आहे. फुकटची वीज असली की पंप दिवसभर चालू राहतो, आणि बोअरचं पाणी खाली जातं.

[दृश्य: संध्याकाळ. पुन्हा तोच पडदा.]
साडेपाच. ३९ हर्ट्‌झ. नळीचं पाणी थांबलंय, मोटर अजून फिरतेय. पाणी वाहत नसताना ती आतून तापते. खटका आता पाडायचा.